भुयारातल्या रेडिओचे सर

सरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. अमरावतीच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते विद्युतचुंबकीय लहरी शिकवत. पहिल्या तासाला प्रत्येकाला उभं करून एकच प्रश्न विचारायचे, गाव कोणतं? आडनाव कोणी सांगायला लागलं तर हाताने थांबवायचे. त्या दिवसापासून मी ‘अंजनगाव’ झाले, माझ्या शेजारची मुलगी ‘हिवरखेड’ झाली. एक मुलगा म्हणाला की सर, मी इथलाच, अमरावतीचा. सर म्हणाले, मग आजोबाचं गाव सांग. ते दर्यापूरकडचं काहीतरी निघालं आणि चार वर्षं तो त्या गावाने ओळखला गेला. आडनावातून माणसाचं काय काय कळतं आणि ते आपल्याला कळून घ्यायचं नाही, असं सरांनी एकदाच सांगितलं. त्यांचं स्वतःचं गाव भातकुलीच्या पलीकडे, खारपाण पट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी जनावरंसुद्धा नाइलाजाने पितात.

ते वऱ्हाडीतच शिकवत. पुण्याहून शिकून आलेले आमचे विभागप्रमुख त्यावर नाक मुरडत, पण सरांचा विषय मुलांना जेवढा कळे तेवढा दुसऱ्या कोणाचा कळत नसे. अँटेना म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला सूत्राआधी माणसावरून सांगितलं होतं. उघड्या वावरात हाक मारली तर ती कुठवर जाते, तीच हाक विहिरीत उतरून मारली तर काय होते, आणि विहिरीला आडवं भुयार असलं आणि त्या भुयाराला वळण असलं तर काय होते. “सिग्नलले वळण आवडत नाही,” ते म्हणायचे. “तो सरळ जाते, भिंतीवर आपटते, अर्धा तिथंच मरते. अन् खाण म्हंजे सारी वळणंच वळणं.”

खाण त्यांच्या बोलण्यात कुठूनही यायची. नोकरीच्या सुरुवातीला ते वणीकडच्या एका कोळशाच्या खाणीत टेलिफोन आणि रेडिओचं काम बघत होते. तिथे छत कोसळून तीन माणसं आत अडकली आणि गेली, त्यानंतर सरांनी नोकरी सोडली, एवढंच आम्हाला ऐकून माहीत होतं. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. खाणीत चालेल असा, रुंद पट्ट्याचा, म्हणजे एकाच वेळी अनेक लहरींवर चालणारा अँटेना करायचा हे मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. मी पदव्युत्तर अभ्यासाला त्यांच्याकडे आले तेव्हा या नादाला अकरा वर्षं झाली होती.

रुंद पट्टा कशासाठी, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत दाखवलं. बाजारातला साधा अँटेना एका ठरावीक सुराला लावलेला असतो. टेबलावर तो उत्तम चालतो. सरांनी त्याच्याजवळ एक भिजलेलं पोतं आणलं. उपकरणाच्या पडद्यावरची रेषा सरकली आणि अँटेना कामातून गेला. ओली भिंत जवळ आली, माणसाच्या छातीला टेकला, की त्याचा सूर ढळतो. शिवाय कुठल्या बोगद्यात कोणती लहर टिकेल हे आधी सांगता येत नाही. कुठे बारीक लहर पोचते, कुठे लांब. म्हणून अँटेना असा हवा की सूर ढळला तरी पट्ट्यातलं काहीतरी उरलंच पाहिजे. “एकाच सुरात बोलणारा खाणीत मुका होते,” सर म्हणाले, आणि तांब्याच्या पत्र्याचे दोन पंख जोडलेला एक वेडावाकडा तुकडा त्यांनी त्याच पोत्याला टेकवून दाखवला. पडद्यावरची रेषा थोडी हलली आणि तशीच खाली राहिली, म्हणजे अँटेना चालू होता.

असे तुकडे त्यांच्याकडे शेकड्याने होते. पत्रा ते सराफा बाजारामागच्या एका तांबट आजोबांकडून कापून आणत. आजोबांना वाटे, हे देवघरासाठी काहीतरी करतात.

पोत्यावर त्यांचं समाधान नव्हतं. एका उन्हाळ्यात त्यांनी गावाकडून खारी माती सिमेंटच्या थैल्यांत भरून आणली, तीत कोळशाची भुकटी कालवली आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात छातीएवढी उंच भिंत उभी केली. खारं पाणी शिंपडून ती रोज ओली ठेवायची. “खारं पाणी सिग्नल पिऊन टाकते. हिच्याजोळ टिकला तं कोळशाजोळ टिकनच.” शिपायांनी तक्रार केली, विभागप्रमुखांनी वाळवी लागेल म्हणून लेखी विचारणा केली. सरांनी लेखीच उत्तर दिलं की या मातीत कपाशीची पराटी धड येत नाही, वाळवी काय येणार. भिंत राहिली. मी दोन वर्षं तिला पाणी घातलं.

स्कूटरवर ते खाणकामगाराचं शिरस्त्राण घालून फिरत, पुढे दिव्याची खोबण असलेलं. पंचवटी चौकात वाहतूक पोलिसाने त्यांना अडवलं, हे हेल्मेट चालत नाही म्हणाला. सर स्कूटर बाजूला लावून त्याला अर्धा तास समजावत राहिले की याच्यावर दगड पडला तरी डोकं वाचतं, तुमच्या हेल्मेटचं मला सांगता येत नाही. शेवटी पोलिसाने हात जोडले. सर विनोद करत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की माणसाच्या डोक्यावर कधीही काहीही पडू शकतं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. अकोल्याला एक विधवा बहीण होती, तिच्याकडे महिन्यातून एकदा जात. बाकी सगळा वेळ प्रयोगशाळा आणि पत्रं. खाणींच्या कार्यालयांना ते पत्रं लिहीत आणि चाचणीची परवानगी मागत. उत्तरं बहुधा येत नसत. आली तर एकाच छापाची येत, की आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. सर ती सुद्धा जपून फाइलला लावत.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका खाणीची परवानगी आली. तीही वणीकडची, पण त्यांची जुनी नव्हे. जुनी खाण कधीच बंद होऊन पाण्याने भरली होती. अटी कडक होत्या. खाणीचेच मंजूर रेडिओ संच वापरायचे, अँटेना तेवढा बदलायचा, ताज्या हवेच्या वाटेतच राहायचं आणि पावलोपावली गॅस तपासायचा. आणि मला आत जायची मुभा नव्हती, तेव्हा बायकांना खाणीत उतरू देत नसत. म्हणून ठरलं असं की मी खाणीच्या तोंडाशी एका शेडमध्ये संच घेऊन बसायचं आणि सरांनी एका ओव्हरमनबरोबर, म्हणजे आतल्या पाळीच्या प्रमुखाबरोबर, खाली उतरून ठरलेल्या जागांवरून बोलायचं.

पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो.  खाणीच्या उताराशी त्यांनी शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली आवळला, सोडला आणि पुन्हा आवळला. खाण सोडल्यानंतर ते पहिल्यांदाच खाली चालले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओव्हरमनच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने काही न विचारता त्यांचा दंड धरला.

मी वहीत सिग्नलच्या जोराचे आकडे लिहीत होते. उताराच्या तळाशी आवाज स्वच्छ होता. पहिल्या वळणानंतरही स्वच्छ. दुसऱ्या वळणाला खाणीचा जुना अँटेना लावून पाहिला तर नुसती खरखर. सरांनी आपला लावला आणि त्यांचा आवाज परत आला, जरा दुरून, पण शब्द न् शब्द कळेल असा. तिसऱ्या वळणापलीकडे जाणं ठरलं नव्हतं. सरांनी ओव्हरमनला विनवलं. पुष्कळ वेळ संच गप्प होता. मग सर म्हणाले, “अंजनगाव, ऐकू येऊन राहिलं का तुले?”

मी हो म्हटलं. आकडा सांगितला.

“आकडा राहू दे. काय ऐकू आलं ते सांग.”

मी सांगितलं की सर, तुम्ही विचारलं, ऐकू येतं का. खालून काहीच आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, सर, मला ऐकू येतं. मग ओव्हरमनचा आवाज आला, तुमच्या सरांना जरा बसवलं आहे, घाबरू नका, काही झालेलं नाही.

ते वर आले तेव्हा चेहरा कोळशाने काळा होता आणि गालांवरून दोन रेघा धुतल्या गेल्या होत्या. त्यांनी त्या पुसल्याही नाहीत.

दुपारी खाणीच्या व्यवस्थापकांनी आम्हाला चहाला बोलावलं. माणूस भला होता. माझी वही त्यांनी नीट वाचली, दोन चांगले प्रश्न विचारले, असं काम आपल्याकडे कोणी करत नाही म्हणाले. मग म्हणाले की सर, तुम्ही पंधरा वर्षं आधी यायला पाहिजे होतं. ही खाण आता वरून उघडणार. दोन-तीन वर्षांत भुयार म्हणून काही राहणारच नाही, मोठी यंत्रं लावून वरून माती काढायची आणि उघड्यावर कोळसा खणायचा. आजूबाजूच्या बऱ्याच खाणींचं तेच ठरलं आहे. त्यांनी हे आनंदाची बातमी म्हणून सांगितलं, आणि ती होतीही तशीच.

परतीच्या बसमध्ये यवतमाळपर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. स्थानकावर बस थांबली तेव्हा म्हणाले, “चांगलंच हाये ना. लोकं उनात काम करतीन. वरतून काही पडनार नाई.” थोड्या वेळाने म्हणाले, “पन मंग माह्यं काय?” हे मला उद्देशून नव्हतं.

तरी ते थांबले नाहीत. भुयारी खाणी इतर राज्यांत आहेतच म्हणाले. आणखी पत्रं गेली. एकीकडून उत्तर आलं की आम्ही तयार यंत्रणा घेतली आहे. दुसरीकडून आलं की मान्यतेसाठी कंपनीमार्फत या, एकट्या माणसाचा अर्ज घेता येत नाही. माझा प्रबंध मात्र त्या एका दिवसाच्या आकड्यांवर झाला, आणि त्याच्या बळावर मला आमच्याच महाविद्यालयात नोकरी लागली.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं.

आमच्या शाखेला मुलं येईनाशी झाली. साठ जागांवर विसाच्या आत, मग दहाच्या आत. संगणकाच्या नव्या शाखेला मात्र रांग. प्राचार्यांनी ठरवलं की आमची शाखा बंद करायची आणि सरांची प्रयोगशाळा नव्या शाखेला द्यायची. जुनं सामान निकामी ठरवायला तिघांची समिती केली आणि तिच्यात मला घेतलं, कारण तिथली वस्तू न् वस्तू मला ओळखता येत होती. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. प्राचार्य त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी फक्त यादी पुढे केली आणि पेन दिलं.

सर तेव्हा बहिणीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अकोल्याला होते. मी त्यांना फोन करू शकले असते. सर सोमवारी येतील तोवर थांबा, असं प्राचार्यांना निदान म्हणू शकले असते. मी यादी वाचली. ‘तांब्याचे तुकडे, उपयोग अज्ञात’ असं त्यात लिहिलेलं होतं. उपयोग मला माहीत होता. मी सही केली. दुसऱ्या दिवशी तांबं भंगारवाल्याने वजनावर नेलं. भिंत कुदळीने फोडून कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये भरली. ती इतकी ओली होती की फुटताना आवाजच झाला नाही. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत होते.

सोमवारी सर आले, दारात उभे राहिले. आत संगणकांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांनी शिपायाला विचारलं की किल्ली आता कोणाकडे असते. बस, एवढंच. कोणावर आवाज चढवला नाही, कोणी सही केली हेही विचारलं नाही. सत्र संपेपर्यंत पहिल्या वर्षाला गणित शिकवलं आणि राजीनामा देऊन अकोल्याला बहिणीकडे गेले. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी परीक्षेचं काम काढून गेले नाही.

सहा वर्षं मी त्यांना भेटले नाही. गेल्या वर्षी अकोल्याला तोंडी परीक्षा घ्यायला गेले, काम दुपारीच आटोपलं, आणि रिक्षावाल्याला मी त्यांच्या वस्तीचं नाव सांगितलं. असं ठरवून निघाले नव्हते.

दोन खोल्यांचं घर. बहिणीने दार उघडलं, जाड भिंगाच्या चष्म्यातून मला निरखलं. सर ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. “अंजनगाव,” ते म्हणाले. बहीण आत जाताना हळूच म्हणाली की दादा आता काहीच करत नाही, घरातला रेडिओसुद्धा कोणाला देऊन टाकला, तुम्ही बोला जरा त्याच्याशी.

मी इकडचं तिकडचं बोलले. मग मनात होतं ते मला दाबून धरवेना. मी सांगून टाकलं की सर, त्या यादीवर माझी सही होती. मला सगळं माहीत असून मी ती केली.

“माहीत हाये. त्याच दिवशी पाह्यली मी फाइल.”

मी म्हटलं की मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत.  मग त्यांनी मला ते सांगितलं, जे महाविद्यालयात कोणाला माहीत नव्हतं.

छत कोसळलं तेव्हा तीनही माणसं जिवंत होती. ढिगाऱ्याखालून एक लोखंडी पाइप आतवर गेला होता आणि त्या पाइपवर ती माणसं दगडाने ठोकत होती. त्यांच्यापैकी एकाजवळ रेडिओ होता, पण मधे दोन वळणं असल्याने त्याचा काही उपयोग झाला नाही. पाइप आत दोन फाट्यांत गेलेला, त्यामुळे माणसं कोणत्या फाट्यात आहेत तेही कळेना. खोदकाम सुरू झालं. आत पाणी चढत होतं, ते उपसायला पंप चालू ठेवावा लागे, आणि पंप चालू असला की काही ऐकू येत नसे. म्हणून तासातून एकदा पाच मिनिटं पंप बंद करायचा आणि पाइपला कान लावायचा. ते काम सरांकडे होतं. तेव्हा ते पंचविशीतले होते, कान तिखट होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठोके येत होते, मग विरळ झाले. इकडे खोदणाऱ्यांच्या डोक्यावरचं छत करकरायला लागलं. खाली तीस-चाळीस माणसं होती. खाणीच्या साहेबांनी पंप बंद करवला आणि सरांना सांगितलं की नीट ऐक. ठोका असेल तर मी ही माणसं आत ठेवतो, जे होईल ते होईल. नसेल तर सगळ्यांना वर काढतो.

“मी कान लावला,” सर म्हणाले. “साऱ्यायनं श्वास धरला होता. साहेबानं इचारलं, आला का? मी म्हनलं, आल्यासारखा वाटला. त्यानं इचारलं, नक्की का? माह्या मागं ते चाळीस लोकं उभे होते. त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं मी. अन् म्हनलं, नक्की नाई.”

साहेबांनी वहीत वेळ लिहिली, आवाज नाही असं लिहिलं आणि सरांची खाली सही घेतली. माणसं वर आली. तासाभराने उरलेलं छतही बसलं, म्हणजे चाळीस माणसं वाचली. सरांना पुढे कोणी कधी दोष दिला नाही. उलट वाचलेल्यांपैकी एक-दोघांच्या घरच्यांनी येऊन पाय धरले.

“तुही सही वस्तूवर होती,” ते मला म्हणाले. “कोनत्या तोंडानं बोलू मी तुले?”

 आतून भांड्यांचा आवाज येत होता. शेवटी मी विचारू नये ते विचारलं. मी म्हटलं, सर, तुम्हाला आज काय वाटतं, तो ठोका होता का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखादा साधा प्रश्न विचारल्यावर पाहायचे तसंच.

“होता,” ते म्हणाले. “दोन होते.”

तेवढ्यात बहिणीने आतून हाक दिली की दादा, नळ आला, लवकर ये. अकोल्यात त्या वस्तीला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते कधी जाईल याचा नेम नसतो. सर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि आत गेले. मी पर्स खुर्चीत ठेवली आणि मागोमाग गेले. टाकी भरून झाल्यावर आम्ही बादल्या भरल्या, मग पातेली, मग घरात होते नव्हते तेवढे तांबे-पेले.